कंसातलं ‘बंगालीवरून’

माझ्या वहिनीला बंगाली येत नव्हतं. हे अगदी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण माझा पुढचा सगळा संताप त्या एका गोष्टीवर उभा आहे. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात ती लग्न होऊन वाईहून कलकत्त्याला आली, तेव्हा बागबाजारच्या भाजीवाल्याकडून पडवळ घ्यायचं झालं तरी तिला मला बरोबर न्यावं लागायचं. तो एक भाव सांगायचा, ती मान हलवायची, आणि मी मधे पडले नाही तर तो तिच्या पिशवीत भलतंच काहीतरी कोंबायचा. अशा बाईनं म्हणे बंगाली कथांचे मराठीत अनुवाद केले. एक नाही, दोन नाही, सात वर्षं केले. म्हणणाऱ्यांच्या जिभेला काही हाड?

तिचं नाव सुहासिनी. माझ्या दादाची, श्रीकांतची बायको. आम्ही बेहेरे, आजोबांपासून कलकत्त्यातले. शेजारचे बंगाली चिडवायचे, की तुमच्या बर्गींच्या, म्हणजे मराठा स्वारांच्या, धास्तीनं इंग्रजांनी मराठा खंदक खणला तो इथूनच, बागबाजारापासून, आणि तुम्ही बघा खंदकाच्या आत येऊन बसलात. दादा खिदिरपूरच्या गोदीत जकातीच्या नोकरीत, मी मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारायचं कोणाला धाडस झालं नाही, कारण माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं पटलं. ती बोलायची नाही ते मी बोलायचे, आणि मला सुचायचं नाही ते तिला सुचायचं.

काय काय सुचायचं त्या बाईला! सवय वडिलांनी लावलेली. दत्तात्रय मास्तर, घरातले नाना, वाईच्या एका शाळेत शास्त्र शिकवत. संध्याकाळी लेकीला घेऊन घाटावर बसायचे आणि एक प्रश्न टाकायचे. पृथ्वी फिरायची थांबली तर? माणसाला सावलीच नसती तर? तिनं उत्तर द्यायचं, ते उत्तर नियमाला धरून आहे का ते नानांनी तपासायचं, आणि नसलं तर दुसऱ्या दिवशी नवं उत्तर. इंटर सायन्सपर्यंत ती शिकली, मग लग्न झालं आणि प्रश्न विचारणारा माणूस हजार मैलांवर राहिला. म्हणून ती लिहायला लागली. शास्त्रीय अद्भुतकथा म्हणतात ना, तशा. दुपारी जेवणं आटोपली की स्वयंपाकघरातच पाट उभा करून त्याला टेकून बसायची आणि लिहायची.

पहिली कथा मी वाचली ती तिथंच, ओल्या फरशीवर उकिडवी बसून. डमडमला पत्र्याच्या शेडमधे एक माणूस यंत्र बनवतो. भिंतीत मुरलेले जुने आवाज ते यंत्र पुन्हा बाहेर काढतं. सरहद्दीपलीकडून घरदार सोडून आलेली माणसं त्याच्या दारात रांग लावतात, प्रत्येकाच्या हातात आपल्या सोडलेल्या घराची एक वीट. वीट यंत्राखाली ठेवायची आणि ऐकायचं. कोणाला आईची हाक ऐकू येते, कोणाला नुसताच विहिरीचा रहाट. एक म्हातारा वीट आणतो आणि तिच्यातून काहीच ऐकू येत नाही, कारण घर नवीन बांधलेलं, राहायला मिळालंच नव्हतं. मी गणिताची बाई, सहजी रडत नाही. त्या दिवशी पदरानं नाक पुसत उठले आणि तिला म्हटलं, हे पुण्याला पाठव, नाहीतर मी पाठवते.

पुण्याच्या एका मोठ्या मासिकानं ती घेतली, तीही एकोणपन्नासच्या दिवाळी अंकात. अंक टपालानं यायला दिवाळी उलटून गेली. दादानं कागद फाडला, मी पान उघडलं, वहिनी दाराशी हात पुसत उभी. मथळा छान, चित्र छान. चित्राखाली ‘सौ. सुहासिनी बेहेरे’. आणि नावाच्या डोक्यावर, कंसात, ‘बंगालीवरून’.

मला आधी वाटलं दुसऱ्या कोणाची ओळ चुकून इथं पडली. वहिनीनं अंक हातात घेतला, ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाली, कढी उतू जाईल. आत निघून गेली. दादा म्हणाला, अगं, छापलं ना? मग झालं तर. माझा भाऊ स्वभावानं देवमाणूस आहे, आणि देवमाणसांचा मला मनस्वी कंटाळा आहे.

आता याचं कारण ऐका. त्या दिवसांत आपल्याकडे बंगालीचं वेड होतं. बंगाली कादंबरीचा अनुवाद म्हटला की वाचनालयात ओढाताण व्हायची. त्यात पाकिटावर शिक्का कलकत्त्याचा, कथेतलं गाव डमडम, माणसं बंगाली, शिवाय यंत्रंबिंत्रं. मराठी बाईच्या डोक्यात यंत्र कुठून येणार? तिच्या डोक्यात सासू, सून, फार तर तुळशीवृंदावन. तेव्हा संपादकांनी आपल्या अकलेनं ठरवलं की हे मूळ बंगाली असणार, बाई सांगायला विसरल्या असतील, आपण घालून टाकू. वर उपकार केल्यासारखं.

वहिनीनं त्यांना लिहिलं, की कथा माझी आहे, बंगालीत अशी कथा नाही, आणि असलीच तर मला ती वाचताही येणार नाही. उत्तर आलं. इतकं गोड, की वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. संपादकांनी लिहिलं होतं की मूळ लेखकाची परवानगी घ्यायची राहिली म्हणून आपण घाबरला आहात हे आमच्या लक्षात आलं. काळजी नसावी, तसं काही झालंच तर आम्ही निस्तरू. पुढचा अनुवाद अवश्य पाठवावा. म्हणजे ती नाही म्हणाली, तर तेही चोरीच्या भीतीनं!

मग महाराष्ट्र मंडळ. दर महिन्याला आमची पंचवीसतीस घरं जमायची, बदलीवर आलेले बँकेतले, सरकारी कचेऱ्यांतले, आणि आमच्यासारखी इथंच रुजलेली दोनचार. चिटणीस सदाशिवराव. ते साऱ्या मंडळासमोर म्हणाले, सुहासिनीबाई, यंदा गणपतीत तुमच्या त्या बंगाली लेखकमहाशयांनाच अध्यक्ष म्हणून आणा की. वहिनी शांतपणे म्हणाली, मीच येते. सगळे हसले. त्यांना वाटलं विनोद केला. मी उठून सदाशिवरावांना विचारलं, की तुम्ही दहा वर्षं इथं आहात, बंगाली मासिकं चाळता, कुठं वाचलीत ही कथा? ते म्हणाले, कालिंदीताई, अहो छापलंय ना तसं. त्यांना काय वेड लागलंय उगाच छापायला?

हे मंडळाचं सोसलं असतं. मंडळ गेलं चुलीत. वहिनीला मोठेपणाची हाव नव्हती, पुण्यात कोण काय म्हणतं याची पर्वाही नव्हती. एकाच माणसानं म्हणायला हवं होतं, की पोरी, हे तुझं आहे. आणि तो माणूस वाईच्या वाचनालयात चष्मा पुसत तो अंक उघडत होता.

नानांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं, कथा फार आवडली, भाषा सफाईची आहे, अनुवाद करणं काही कमीपणाचं नाही. पण तुझं स्वतःचं कधी लिहिणार? तिनं कळवळून उलटटपाली लिहिलं, की नाना, ही माझीच आहे, त्यांनी चुकीचं छापलं. त्याला जे उत्तर आलं ते मला तोंडपाठ आहे, कारण तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि मग कधीच कुणाला दाखवलं नाही.

“दुसऱ्याचं ते आपलं म्हणून सांगू नये, बाळ. मी तुला हे शिकवलं नव्हतं.”

मास्तर माणूस. छापील अक्षराला देव मानणारा. आयुष्यभर पाठ्यपुस्तकातलं प्रमाण मानून पोरांना शिकवलं, त्याला मासिकवाला खोटं छापतो हे कसं पटणार? पोटची पोर खोटं बोलते हे मात्र पटलं. मी म्हटलं, मी लिहिते त्यांना, चांगलं सुनावते. वहिनीनं माझा हात धरला आणि म्हणाली, वन्सं, नको, त्यांना आणखी लाज वाटेल माझी. त्या दिवशी मला त्या संपादकाच्या नरडीला हात घालावासा वाटला. खोटं कशाला सांगू?

महिनाभर तिनं लेखणीला हात लावला नाही. मग एक दिवस शेजारच्या लीनादीकडे गेली आणि म्हणाली, मला बंगाली शिकवा. रागानं! ज्या भाषेतून आपण चोरी केली म्हणतात ती भाषा आहे तरी कशी, ते बघायचं होतं तिला. लीनादी प्राथमिक शाळेतली बाई, तिनं पोरांच्या बाराखडीपासून सुरुवात केली. दोन वर्षांत वहिनी घडाघडा वाचायला लागली. लीनादीकडची मासिकं, वाचनालयातली पुस्तकं, जे हाताला लागेल ते वाचलं, आणि आपल्या कथांसारखी एकही कथा तिला सापडली नाही. तिनं हे मंडळात सांगितलं. तर बायका म्हणतात कशा, अगंबाई, बंगाली किती छान येतं हो तुम्हाला, म्हणूनच अनुवाद इतके चांगले होतात! आता यावर काय करावं माणसानं? भिंतीवर डोकं आपटलं तरी भिंतच बरी म्हणायची.

पण लिहायचं तिनं सोडलं नाही. दुसरीकडे पाठवून पाहिलं. तिथून साभार परत, आपण अमुक मासिकाच्या अनुवादिका म्हणून परिचित आहात, स्वतंत्र कथा नको. तेव्हा पुन्हा त्याच मासिकाकडे. प्रत्येक कथेबरोबर ‘ही कथा स्वतंत्र आहे’ असं ठळक लिहायचं, आणि प्रत्येक अंकात नावाच्या डोक्यावर तो कंस बसलेलाच.

एक कथा दादाच्या गोदीवर होती. खिदिरपूरला एक जहाज येतं, त्यात माल म्हणजे नुसता अंधार. उत्तरेकडच्या देशांत सहा सहा महिने रात्र, त्यांच्याकडे अंधार शिल्लक पडतो, तो ते पिंपात भरून ज्यांना झोप येत नाही त्या देशांना विकतात. जकातीचा साहेब अडून बसतो, की अंधारावर जकात किती ते पुस्तकात नाही, आणि पीप उघडून तपासल्याशिवाय माल सोडता येत नाही. उघडतात, आणि भर दुपारी सगळ्या गोदीत काळोख होतो. त्या काळोखात, कुणी बघत नाही म्हटल्यावर, तो खडूस साहेब पहिल्यांदा हमालांच्या शेजारी जमिनीवर टेकतो. हे सगळं आमच्या दादाच्या जेवताजेवताच्या कटकटीतून आलेलं! तो रोज सांगायचा, या मालाला नियम सापडत नाही, त्या मालाला नियम सापडत नाही. माझ्या समोर आलेलं. त्याच्याही डोक्यावर ‘बंगालीवरून’. तेव्हा कुठं माझा देवमाणूस भाऊ ताटावरून उठला आणि म्हणाला, हे मात्र जास्त झालं. मी म्हटलं, वा, बरी जाग आली.

छपन्न साली वहिनीची आई गेली आणि नाना वाईत एकटे पडले. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हृदय अशक्त, डॉक्टर शस्त्रक्रियेला हात लावीनात. दादा जाऊन त्यांना घेऊन आला. मला वाटलं होतं कुणी ताठ, करडा म्हातारा येईल, त्याच्याशी भांडायची मी तयारी करून ठेवली होती. आला तो चाचपडत, भिंतीला हात लावत चालणारा, चहा सांडला तर लेकीची माफी मागणारा माणूस. मी भांडायचं सोडून फडकं आणायला धावायचे.

बापलेक एकमेकांशी गोड बोलायची. औषध घेतलंत का, थंडी वाजते का. कथांचा विषय कोणी काढायचं नाही. ती दुपारी लिहायची तेव्हा नाना पलीकडच्या खोलीत जागे असायचे, लेखणीचा आवाज त्यांना ऐकू जायचा, आणि ते कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचे. मी हे बघत होते. किती दिवस बघणार? एके दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी मला सहज विचारलं, सुहास हल्ली कोणाचं भाषांतर करते आहे? झालं. मी कपबशी खाली ठेवली आणि जे मनात सात वर्षं साठलं होतं ते सगळं काढलं. म्हटलं, नाना, तुमच्या लेकीला मी रोज डोळ्यांनी लिहिताना पाहते, समोर बंगालीचा चिटोरा नसतो; ती पहिली कथा लिहिली तेव्हा तिला अ, आ येत नव्हतं; परक्या माणसानं कंसात एक शब्द छापला तो तुम्हाला खरा वाटला आणि पोटच्या पोरीची शपथ खोटी वाटली; आणि असे तुम्ही शास्त्र शिकवत होता?

वहिनी दारात आली, पांढरीफटक. वन्सं, पुरे, म्हणाली. मी म्हटलं, पुरे नाही.

नानांनी चाचपत कप बाजूला सारला. शेवटचं वाक्य त्यांना लागलं असावं. मग म्हणाले, “छापलेलंही नको आणि शपथही नको. प्रयोग करू.”

मास्तरकी ती मास्तरकीच. त्यांनी वहिनीला समोर बसवलं आणि एक गोष्ट सांगितली. त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक वायुभारमापक होता, हवेचा दाब दाखवणारा, काचेच्या नळीत पारा असलेला. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, पोरं पांगली, की त्यातला पारा एक रेघ खाली उतरायचा. पाऊस नाही, वादळ नाही, आणि इतर दिवशी हे व्हायचं नाही. नानांनी वर्षानुवर्षं पाहिलं, कारण सापडलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. बायकोलासुद्धा नाही. शास्त्राचा मास्तर असं बोलला तर गाव हसेल, याची भीती. म्हणजे ही गोष्ट जगात त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती, बंगालीत असायचा तर सवालच नाही.

“का उतरायचा पारा?” त्यांनी विचारलं. “सांग.”

वहिनी उठली, कणीक भिजवली, पोळ्या केल्या. मी शाळेत जायचे ते त्या दिवशी गेलेच नाही, आमच्या मोठ्या बाईंना कळवलं की पोट बिघडलंय. संध्याकाळी नाना गॅलरीत बसले होते, खाली ट्राम खडखडत होती, तेव्हा ती त्यांच्या पायाशी येऊन बसली आणि सांगायला लागली.

पोरांनी जे प्रश्न विचारायचे ठरवले आणि भीतीनं विचारले नाहीत, त्यांना वजन असतं, ती म्हणाली. आठवडाभर ते वर्गाच्या हवेत साठत राहतात. रोज पोरं थोडे घरी नेतात, थोडे उद्या विचारू म्हणून वर्गातच ठेवून जातात. शनिवारी मात्र दीड दिवसाची सुटी, उद्या विचारायची आशा नाही, तेव्हा सगळे बरोबर नेतात. वर्ग हलका होतो, पारा उतरतो. नाना लगेच म्हणाले, मग सोमवारी एकदम चढायला हवा, तो तसा चढत नव्हता, आठवडाभर हळूहळू चढायचा. ती म्हणाली, नाही चढणार, कारण रविवारी पोरं ते प्रश्न नदीत टाकतात. म्हणून तर तुमच्या घाटाखालचा डोह इतका खोल आहे. मग तिथून तिनं गोष्ट पुढे नेली. एक मास्तर तो डोह उपसायला निघतो. गाव त्याला वेडा ठरवतं. उपसता उपसता एकेक प्रश्न वर येतो, ज्यांनी टाकले ती पोरं आता म्हातारी झालेली, काठावर उभी, आपापला प्रश्न ओळखून रडणारी. तळाशी एक प्रश्न सापडतो, तो मास्तरांचा स्वतःचा, लहानपणचा.

नाना मधेमधे अडवत होते, हे नियमात बसत नाही, ते बसत नाही, आणि ती त्यांचं प्रत्येक अडवणं गोष्टीत घेऊन पुढे जात होती. घाटावर दोघांचं काय चालत असेल ते मला तेव्हा दिसलं. गोष्ट संपली तेव्हा नानांचे न दिसणारे डोळे वाहत होते. त्यांनी हात पुढे करून तिचं डोकं चाचपलं.

“तुझंच आहे,” ते म्हणाले. “पहिल्यापासून सगळं तुझंच.”

वहिनी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. मीही रडले, आणि रडतारडता सदाशिवरावांना मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या.

आता नाना पेटले. म्हणाले, संपादकांना मी लिहितो, घ्या कागद. ते सांगत होते, मी लिहीत होते. मी दत्तात्रय, निवृत्त शिक्षक, प्रमाणपूर्वक कळवतो की माझ्या मुलीच्या सर्व कथा स्वतंत्र आहेत. सोबतची कथा माझ्यासमोर रचली आहे. तिच्यावर ‘बंगालीवरून’ छापाल तर ते असत्य होईल. खाली चाचपत, ओळ सोडून, स्वतः सही केली. आठवड्याभरात उत्तर आलं. संपादकांनी मनापासून क्षमा मागितली होती, मास्तरांसारख्या वडीलधाऱ्यांना लिहावं लागलं याबद्दल खेद व्यक्त केला होता, आणि दिवाळी अंकात ‘शनिवारचा पारा’ ही स्वतंत्र कथा म्हणूनच येईल असा शब्द दिला होता. नाना रोज विचारायचे, अंक कधी? त्यांची तब्येत उतरत चालली होती, थंडीनं खोकला धरला होता, पण अंकाचं विचारायला विसरायचे नाहीत. लेकीची स्वतःची कथा येते आहे असं त्यांनी मंडळातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं, सदाशिवरावांना घरी बोलावून सांगितलं. तेही ओशाळून, हो हो, वाचू की, म्हणाले.

अंक आला. मीच पुडकं फोडलं. ‘शनिवारचा पारा’. खाली ‘सौ. सुहासिनी बेहेरे’. आणि डोक्यावर, कंसात, ‘बंगालीवरून’.

वाईच्या शाळेची, वाईच्या डोहाची कथा! त्यात बंगालचं काय होतं? मागाहून त्यांनी खुलासा पाठवला तो असा, की छापखान्यात वहिनीचं नाव आणि तो कंस एकत्र जुळवून, सुतळीनं बांधून ठेवलेला असतो. दर वेळी लागतो म्हणून पुन्हा जुळवत बसत नाहीत. तोच शिशाच्या अक्षरखिळ्यांचा जुडगा उचलून बसवला गेला. संपादकांच्या लक्षात राहिलं, छापखान्याला सांगायचं राहिलं. पुढच्या अंकी दुरुस्ती देऊ. सात वर्षांचं खोटं एका सुतळीत बांधून फळीवर ठेवलं होतं हो त्या लोकांनी! दुरुस्ती आली ती माघात, शेवटच्या पानावर, केशतेलाच्या जाहिरातीखाली. तोवर ऐकायला नाना नव्हते, आणि वहिनीनंही त्यानंतर पुण्याला एक ओळ पाठवली नाही. तिच्या नावावर आजवर एक पुस्तक नाही.

पण अंक आला त्या सकाळी नाना होते. पाठीशी उशा लावून बसवले होते. पुडकं फाटल्याचा आवाज त्यांनी ऐकला आणि दोन्ही हात पुढे केले. मी अंक त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पानावरून तळवा फिरवला, नाव कुठं आहे विचारलं, मी त्यांचं बोट धरून नावावर टेकवलं. वहिनी माझ्या खांद्यामागून पान बघत होती. तिनं पाहिलं होतं.

“वर काही छापलंय का, कंसात?” नानांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते कोण जाणे, बहुतेक ओरडणारच होते. वहिनीनं माझा दंड घट्ट धरला.

“नाही, नाना. काही नाही,” ती म्हणाली.

खरं पटवायला त्या बाईला सात वर्षं आणि एक परीक्षा द्यावी लागली होती. हे खोटं मात्र बापाला एका दमात पटलं. त्यांनी समाधानानं मान डोलावली, बोट नावावरच ठेवलं आणि मला म्हणाले, वाच पोरी, पहिल्यापासून वाच. मी मथळा वाचला, कंस ओलांडून नाव वाचलं आणि पुढे धावले. रागानं माझा आवाज चिरकत होता, अक्षरं एकात एक मिसळत होती.

“सावकाश,” नाना म्हणाले. “एकही शब्द गाळू नकोस.”

मी पुन्हा मथळ्यापासून सुरुवात केली.